तीन ओळींचा अभिप्राय

प्रगतिपुस्तकात ‘पालकांचा अभिप्राय’ नावाची चौकट ज्या कुणी आखली, त्यानं आयुष्यात स्वतःच्या लेकराचं प्रगतिपुस्तक हातात धरलेलं नसणार, असं मसुदेरावांचं मंगळवारी संध्याकाळी ठाम मत झालं. चौकट होती काडेपेटीएवढी. तिच्यात ठिपक्यांच्या तीन ओळी. त्यातली तिसरी अर्धीच, कारण उरलेल्या अर्ध्यात ‘सही’ असं छापलेलं. म्हणजे खऱ्या अडीच. एवढ्या जागेत बापानं लिहायचं तरी काय? आणि तेही अशा दिवशी, की ज्या दिवशी समोरच्या पानावर, ‘वाचन’ या शब्दापुढे, वर्गबाईंनी निळ्या शाईनं लिहून पाठवलं होतं : ‘वाचू लागली. छान.’

मसुदेराव हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात ते मुख्य कारकून होते आणि दुकानदारांना धाडायच्या पत्रांचे मसुदे करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपला तराजू सदोष आढळला, एवढंच कळवायचं असलं तरी मसुदेराव ते दीड पानात अशा काही बेतानं कळवत, की दुकानदाराला तराजूची लाज वाटावी आणि पत्र मात्र जपून ठेवावंसं वाटावं. त्यावरून कार्यालयानं हे नाव पाडलं, ते हळूहळू घरापर्यंत आलं, आणि आता बायकोसुद्धा वैतागली की ‘अहो मसुदेराव’ अशीच हाक मारायची.

लेकीला सगळे ठिपकी म्हणत. वय वर्षं सहा, इयत्ता पहिली. या ठिपकीचं पहिल्या सहामाहीचं पुस्तक आलं होतं तेव्हा त्यात लिहिलं होतं, ‘अक्षरं ओळखते, पण वाचत नाही.’ त्या वेळी मसुदेरावांना ती चौकट मुळीच लहान वाटली नव्हती. उलट फार मोठी वाटली होती. तिच्यात त्यांनी ‘पाहिले’ एवढा एकच शब्द लिहिला आणि सही करून पुस्तक मुकाट्यानं दप्तरात सरकवलं.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वी ते लिफ्टचं घडलं. त्यांच्या इमारतीची लिफ्ट महिनोन्‌महिने बंद होती आणि दारावर तशी पाटीही होती. बापलेक शाळेतून येऊन जिन्याकडे वळले तर मागून ठिपकी म्हणाली, बाबा, लिफ्ट बंद आहे. मसुदेराव म्हणाले, हो, माहीत आहे. नऊ पायऱ्या चढून गेल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते नऊच्या नऊ पायऱ्या खाली उतरले, तिला पाटीसमोर उभी केली आणि पुन्हा वाचायला लावलं. मग वर जाऊन बायकोला खाली घेऊन आले. मग तळमजल्यावरच्या काकांना बाहेर बोलावलं. त्या संध्याकाळी ठिपकीनं ती पाटी सात वेळा वाचली, आणि बंद पडलेल्या लिफ्टकडे पाहून एखाद्या कुटुंबाला इतका आनंद झाल्याचं त्या इमारतीनं पहिल्यांदाच पाहिलं.

तर अशा बापाच्या पुढ्यात आता अडीच ओळी होत्या, आणि पुस्तक शुक्रवारी शाळेत परत द्यायचं होतं.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. ‘वाचून आनंद झाला’ असं लिहावं, सही करावी आणि मोकळं व्हावं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. डॉक्टरांनी लिहिलेलं, जे डॉक्टरांना स्वतःलाही वाचता येत नाही, ते ती उभ्या उभ्या वाचायची आणि बाटलीवरच्या चिठ्ठीत चार शब्दांत उतरवून द्यायची. जगातली कुठलीही महत्त्वाची गोष्ट ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ एवढ्या लांबीत बसते, हा तिचा रोजचा अनुभव. मसुदेरावांना तो मान्य नव्हता. खोकला वेगळा आणि लेकीचं वाचन वेगळं, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं आणि कोरे कागद घेऊन ते जेवणाच्या टेबलावर बसले.

पहिल्या मसुद्याची सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की’ अशी झाली. सवयीचा हात, दुसरं काय. तो कागद त्यांनी फाडला. दुसऱ्या मसुद्यात ठिपकीच्या वाचनाला ‘तपासणीअंती योग्य’ असा शेरा मिळाला. तोही फाडला. तिसरा मात्र असा वाहत गेला, की थांबले तेव्हा चार पानं भरली होती. लिफ्टचा प्रसंग होता, त्या नऊ पायऱ्या होत्या, वर्गबाईंच्या चिकाटीचा गौरव होता, आणि शिवाय ‘वाचन आणि मानवजात’ असा एक परिच्छेद होता, जो आपल्या हातून कसा लिहिला गेला याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोला त्यांनी चारही पानं वाचून दाखवली. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटच्या चादरीची घडी घातली. छान आहे म्हणाली, आणि आता यातलं काढणार काय, असं विचारलं.

काढणार काय, हा प्रश्न मसुदेरावांच्या वर्मी लागला. पण चौकट काही वाढत नव्हती. म्हणून बुधवारी सकाळी ते चार पानं घेऊन तळमजल्यावरच्या काकांकडे गेले. काकांनी एका छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाले तरी लाल पेन त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून निवृत्त झालं नव्हतं. पहिलं पान वाचून त्यांनी त्याच्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, हे सगळं ‘आनंद’ या शब्दात आलं. दुसऱ्यावरही मारली. मानवजातीपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, मसुदेरावांकडे एकदा पाहिलं, आणि रेघ दोनदा मारली. अर्ध्या तासात चार पानांतून एवढं उरलं : ‘मुलगी वाचू लागली. आनंद आहे.’ पण काकांचं समाधान होईना. ‘आहे’वर त्यांनी पेन टेकवलं. आनंद म्हटलं की तो आहेच, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणखी पाच मिनिटं थांबलो तर ‘मुलगी’सुद्धा जाईल, हे ओळखून मसुदेरावांनी कागद काढून घेतले.

जिन्यात भेटल्या समोरच्या घरातल्या विमावाल्या ताई. ताईंना कुठलाही कागद दिसला की त्यांचा हात आपोआप पुढे येतो. त्यांनी चारही पानं उभ्यानं वाचली, लाल रेघांच्या आतलीसुद्धा, आणि आवाज खाली आणून सांगितलं की कौतुक कधी लेखी द्यायचं नाही. उद्या काही झालं तर हाच कागद ते तुमच्यासमोर ठेवतील. काही म्हणजे काय होणार, असं मसुदेरावांनी विचारलं.

‘‘समजा, वाचायची थांबली तर?’’ ताई म्हणाल्या आणि आपल्या दारात शिरल्या.

हे वाक्य मसुदेरावांच्या मनात कुसळासारखं रुतलं. मूल वाचायचं थांबतं का? पोहणं विसरत नाहीत म्हणतात, सायकल विसरत नाहीत म्हणतात, वाचनाबद्दल असं कुणी म्हटल्याचं त्यांना आठवेना. कार्यालयात दिवसभर समोर तराजूंची प्रकरणं होती आणि डोक्यात हेच. संध्याकाळी घरी आल्या आल्या त्यांनी ठिपकीला गाठून वर्तमानपत्राचा मथळा वाचायला लावला. तिनं तो वाचला. मग त्यांनी तासाभरानं दुसरा वाचायला लावला, खबरदारी म्हणून. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती म्हणाली, बाबा, तूच वाच ना आता.

शेवटी चार पानं आणि काकांचे पाच शब्द यांच्यामध्ये कुठेतरी मसुदेरावांनी तडजोड केली. एकावन्न शब्द. त्यात ‘सद्यःस्थितीत’ हा एक शब्द ताईंच्या समाधानासाठी. गुरुवारी सकाळी कार्यालयात जाण्याआधी त्यांनी ठेवणीतलं शाईचं पेन काढलं, हात धुऊन पुसले आणि लिहायला बसले. पहिली ओळ मोत्यासारखी आली. पण पहिल्याच ओळीत शब्द बसले सात. राहिले चव्वेचाळीस. दुसऱ्या ओळीत अक्षरं मुंगीएवढी झाली. तिसरीत मुंग्यांची पिल्लं. मग बाण काढून मजकूर समासात गेला, समासातून उभा वर चढला, चौकटीला वळसा घालून पलीकडून उतरला आणि ‘सही’ या शब्दाच्या नेमका डोक्यावर येऊन थांबला. सहीला जागा उरली नाही. तरी त्यांनी एका कोपऱ्यात टोक टेकवलं, आणि चार वर्षं ठेवणीत बसून राहिलेल्या पेनानं तेवढ्यात मन मोकळं केलं. वाटाण्याएवढा डाग पडला.

खोडायचा पांढरा रंग ताईंच्या घरी असतोच. विम्याचे अर्ज भरणाऱ्या घरात तो मिठासारखा असतो. मसुदेरावांनी बाटली आणली आणि डाग झाकला. पण डाग झाकल्यावर उरलेला मजकूरच डागासारखा दिसायला लागला, म्हणून तोही झाकला. मग समास झाकला. एका थरातून निळं डोकावत होतं म्हणून दुसरा थर दिला. पान गिलावा केलेल्या भिंतीसारखं झालं. घड्याळात पाहिलं तर निघायला चार मिनिटं. पान वाळताना आकसू नये म्हणून त्यांनी पुस्तक मिटून त्याच्यावर जाडजूड शब्दकोश ठेवला. ही युक्ती त्यांची स्वतःची, आणि बसमध्ये उभ्या उभ्या त्यांना तिचा थोडा अभिमानही वाटत होता.

संध्याकाळी शब्दकोश उचलला तर पुस्तक उघडेना. म्हणजे उघडत होतं, पण ती दोन पानं वगळून. बायको म्हणाली, हात लावू नका, मी वाफ देऊन बघते. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मसुदेराव म्हणाले, त्यात काय एवढं, आणि त्यांनी पिशवीतून कार्यालयातली पोलादी पट्टी काढली. ज्या पट्टीनं दुकानदारांच्या पट्ट्या तपासतात तीच. पट्टी अर्ध्या मिलिमीटरचाही फरक करणारी नव्हती. तिनं दोन पानं अत्यंत अचूकपणे वेगळी केली, आणि वेगळी करताना समोरच्या पानाचा एक तुकडा अलगद आरपार काढून इकडच्या गिलाव्यात बसवला.

लेखन, गणित, चित्रकला, स्वच्छता, सगळं जागच्या जागी होतं. ‘इतरांशी वागणूक : बोलकी आहे, फार’ हेसुद्धा होतं. फक्त ‘वाचन’ या शब्दापुढे बोटभर भोक होतं आणि त्यातून पलीकडचं टेबल दिसत होतं.

तिघंही वाकून बघत होती. ठिपकीनं त्या जागेवर बोट ठेवलं. ‘‘वा-च-न,’’ तिनं वाचलं. मग भोकातून बोट आरपार घालून म्हणाली, ‘‘इथे काहीच नाही.’’

 

शुक्रवारी सकाळी ठिपकीला वर्गात सोडून ते शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहिले. आत लिपिकबाई होत्या. गळ्यात दोरीनं अडकवलेला चष्मा, समोर शिक्क्यांची उतरंड. मसुदेरावांनी पुस्तक पुढे केलं आणि दुय्यम प्रत मिळावी अशी विनंती केली. तीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूनं खिडकी किती उंच असते ते पहिल्यांदाच कळत होतं. बाईंनी एक छापील अर्ज सरकवला. त्यात कारणापुढे चार पर्याय होते : हरवले, फाटले, भिजले, जळाले. एकावर खूण करायची.

‘‘आमचं चिकटलं,’’ मसुदेराव म्हणाले.

‘‘चिकटलं यात नाही.’’

इतर असा रकाना असेल, असं मसुदेरावांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, तो गेल्या वर्षी काढला, लोक काय वाटेल ते लिहीत बसतात. मसुदेरावांनी नुसती मान हलवली, कारण आपल्या कार्यालयाच्या अर्जातून ‘इतर’ त्यांनी स्वतःच काढला होता आणि कारणही हेच दिलं होतं. मग बाईंनीच तोडगा काढला. चिकटलं असलं तरी शेवटी फाटलंच आहे, तेव्हा ‘फाटले’वर खूण करा आणि मागच्या बाजूला सविस्तर कारण स्वतःच्या हातानं लिहा.

इथवर ठीक होतं. खरी पंचाईत पुढेच होती. बाईंनी चष्मा लावून जुनं पुस्तक उलगडलं आणि म्हणाल्या की बाकी सगळं मी नव्या पुस्तकात उतरवून देईन, पण वाचनापुढे काहीच दिसत नाही. मसुदेराव म्हणाले, तिथे ‘वाचू लागली, छान’ असं होतं. बाई म्हणाल्या, असं तुम्ही म्हणता. वर्गबाईंना विचारावं, तर त्या दहा दिवसांसाठी प्रशिक्षणाला गेलेल्या. आणि दुसरीच्या वर्गाची यादी आज दुपारी लागणार. ज्याचा एखादा रकाना रिकामा, त्याचं नाव यादीत येत नाही, बाजूला राहतं.

‘‘अहो, पण ती वाचते,’’ मसुदेराव म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा जरा वर गेला आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या दोन आया त्यांच्याकडे बघायला लागल्या.

‘‘वाचत असेल. पण जे दिसत नाही ते मी कसं उतरवू? तुम्ही स्वतः कचेरीतले आहात, तुम्हाला मी काय सांगायचं.’’

वर्मावर घाव घालावा तो असा. ‘जे दिसत नाही ते नोंदवता येत नाही’ हे वाक्य त्यांनी आजवर किती दुकानदारांना ऐकवलं असेल, याची गणती नव्हती. लिपिकबाई मात्र मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी फोन उचलला, दोन शब्द बोलल्या आणि सांगितलं की मुख्याध्यापिकाबाई स्वतः मुलीचं वाचन आत्ता घेतील. मी तिला वर्गातून घेऊन येते, तोवर तुम्ही कारण लिहा. पाच मिनिटं आहेत.

पाच मिनिटांत मसुदा होत नसतो. मसुदेराव बाहेरच्या बाकावर बसले, पुढे वाकून गुडघ्यावर अर्ज ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा कच्चं न लिहिता थेट पक्कं लिहिलं. काय लिहिलं ते पुन्हा वाचायलाही वेळ मिळाला नाही. समोर ठिपकी उभी होती, एका हातात पाण्याची बाटली, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि वर्गातून मधेच बाहेर यायला मिळाल्यामुळे अतिशय खुशीत.

मुख्याध्यापिकाबाईंची खोली मोठी होती आणि बाईंचा आवाज अगदी हलका. शाळाभर ज्यांचा दरारा त्यांना मोठ्यानं बोलावं लागत नाही. त्यांनी ठिपकीला टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि पहिलीचं वाचनाचं पुस्तक उघडून तिच्यापुढे ठेवलं. चित्रात ससा होता. खाली चार ओळी होत्या. वाच बाळ, म्हणाल्या.

ठिपकीनं सशाकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग छताच्या पंख्याकडे. तोंड उघडलं नाही.

मसुदेराव बाजूला उभे होते. त्यांचे ओठ आपोआप हलायला लागले. ‘स’चा ‘सा’ होईल इतकं तोंड उघडलं तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी तेवढ्याच हलक्या आवाजात सांगितलं, ‘‘बाबांनी भिंतीकडे बघायचं.’’

मुख्य कारकुनाला पन्नाशीत भिंतीकडे तोंड करून उभं करण्यात आलं. समोर आग विझवायचं यंत्र होतं आणि त्याच्यावरच्या सूचना. मसुदेरावांनी त्या सगळ्या वाचल्या. मागे शांतताच. बाईंनी पान उलटल्याचा आवाज आला. पुन्हा शांतता. नळी आगीच्या दिशेने धरावी, मसुदेरावांनी तिसऱ्यांदा वाचलं, आणि त्यांना जिन्यातलं ते वाक्य आठवलं. थांबली. नेमकी आजच थांबली. आणि थांबली असेल तर ती त्या भोकामुळे, आणि भोक पाडलं कुणी? यादी लागो न लागो, पण सहा महिने जे मूल नुसतं अक्षरांकडे बघत बसायचं, त्याला आपण परत तिथेच नेऊन बसवलं की काय, या विचारानं त्यांना समोरचं यंत्र दिसेनासं झालं.

दार वाजलं. लिपिकबाई आत आल्या आणि त्यांनी शिक्का मारायला नेलेला अर्ज टेबलावर ठेवला. ठेवताना लिहिलेली बाजू वर आली आणि तीही ठिपकीच्या दिशेनं.

‘‘हे बाबाचं अक्षर आहे,’’ ठिपकी म्हणाली.

आणि मग मसुदेरावांना मागून आवाज यायला लागला. एकेक अक्षर चाचपडत, मधेच अडत, मधेच धावत.

‘‘मा-झी मुल-गी स-हा महिने वा-चत नव्-ह-ती. नव्हती. बाईंनी त-सं लि-हि-लं ते-व्हा मी नु-सतं पा-हि-ले लिहून स-ही के-ली. म-ला भी-ती वा-टली हो-ती.’’

‘तेव्हा’पाशी ती अडली होती तेव्हा मसुदेरावांच्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता, पण त्यांनी दात दाबून धरले. ती एकटीच त्याच्यावरून पलीकडे गेली.

‘‘आ-ता ती वा-चते. म-ला ते स-ग-ळ्यां-ना सां-गा-यचं होतं. जा-गा क-मी होती. मी फा-र लि-हि-लं. मग खो-डलं. मग चि-क-टलं. मग फा-टलं. चूक मा-झी आहे. ति-ची ना-ही.’’

मग खाली सही होती, ती तिला वाचता आली नाही. ती कुणालाच येत नसे.

‘‘बाबा,’’ ठिपकी म्हणाली, ‘‘तू कशाला घाबरला होतास?’’

‘‘उगीच,’’ मसुदेराव आगीच्या यंत्राला म्हणाले.

‘‘आता वळलात तरी चालेल,’’ मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. पण मसुदेरावांना वळायला थोडा वेळ लागला. आधी त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, मग चष्म्याच्या आतलं पुसलं.

तोवर बाईंनी ठिपकीला विचारलं, की सशाचं का वाचलं नाहीस? ठिपकी म्हणाली, ते मी वाचलंय. शेवटी ससा घरी जातो. बाईंनी शेवटचं पान उलटून पाहिलं. ससा शेवटी घरीच जात होता.

नव्या पुस्तकात मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः लिहिलं, ‘वाचते.’ मसुदेरावांनी मान लांब करून पाहिलं. एवढ्या सगळ्यातून गेल्यावरही त्यांच्यातला मुख्य कारकून जागाच होता. आधी ‘छान’ होतं, असं त्यांनी अदबीनं नमूद केलं. लिपिकबाईंनी ‘छान’ला काही आधार आहे का, अशा नजरेनं चष्म्यावरून पाहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढे ‘छान’ लिहिलं, आणि त्याच्याखाली एक रेघही ओढली. मग लिपिकबाईंनी दुसरं पान उघडून ‘सही’ या शब्दावर आपलं बोट रोवलं. इथे, म्हणाल्या, आणि फक्त इथे. मसुदेरावांनी सही केली. वरच्या अडीच ओळींकडे त्यांचा डोळा गेला, तेव्हा मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की अभिप्राय मिळाला आहे, आणि अर्ज उचलून त्यांनी ठिपकीच्या फायलीत लावला.

शुक्रवारी पहिलीचा वर्ग लवकर सुटायचा. मसुदेराव ठिपकीला आईच्या दुकानात सोडून पुढे कार्यालयात जाणार होते. चालत दहा मिनिटांची वाट. पण शाळेच्या फाटकाबाहेर पडताच ठिपकीनं ‘शाळा सुटताना हळू चालवा’ वाचलं आणि तिला जो हुरूप आला तो आलाच. ‘येथे चाव्या करून मिळतील.’ ‘दारासमोर वाहन उभे करू नये.’ ‘आत कुत्रा आहे.’ इथे कुत्रा प्रत्यक्ष दिसेपर्यंत थांबावं लागलं. मसुदेराव घाई करायला तोंड उघडत आणि तेवढ्यात ती पुढचं अक्षर लावायची. ‘दाढी’ला ती ‘दढी’ म्हणाली. मसुदेरावांनी इकडे तिकडे पाहिलं आणि दुरुस्त केलं नाही. एका किराणा दुकानाशी तर ती तराजूच्या अगदी जवळ गेली आणि त्याच्यावरची चिकटपट्टी मोठ्यानं वाचायला लागली, ‘त-पा-सले, यो-ग्य.’ दुकानदारानं वर पाहिलं. वजनमापं कार्यालयाचे मुख्य कारकून, सोबत एक सहा वर्षांची तपासनीस, आणि दोघांची नजर तराजूवर. त्यानं न मागता कागदपत्रं काढली, वजनं रांगेत मांडली आणि शपथेवर सांगायला लागला. मसुदेराव त्याला म्हणाले, काही नाही हो, ही वाचते आहे. त्याला ते पटलं नाही. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत तो वजनं पुसत होता.

बायको औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभी होती. तिनं दोघांचे चेहरे पाहिले. नुसता हात पुढे केला. मसुदेरावांनी नवं पुस्तक दिलं. तिनं ते उघडलं, तो एक शब्द वाचला, मग पुढचा वाचला, मग रेघेवरून अंगठा फिरवला. समोर एक गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन ताटकळत होतं आणि डॉक्टरांचं ते अक्षर तिला आज पहिल्यांदाच लागेना.

मसुदेराव कार्यालयात पोचले तेव्हा एक तास दहा मिनिटं उशीर झाला होता. दारातच उशिरा येणाऱ्यांची नोंदवही होती. नाव, वेळ, कारण, सही. ते वही ओढून बसले तेव्हा आजूबाजूचे तिघेचौघे टेबलं सोडून जवळ आले. एकानं पुरवणीसाठी दोन कोरे कागदही आणून ठेवले. मसुदेरावांनी कागद बाजूला सारले, खिशातलं साधं पेन काढलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : ‘रस्त्यात पाट्या फार होत्या.’

दुपारी वही साहेबांकडे गेली. साहेबांनी ते वाचलं. पान उलटून मागे आणखी काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. मग त्यांनी समोर ‘मान्य’ असं लिहिलं.